ताईंनी घेतलेल्या उपक्रमात मूल काय शिकले: नोंद कशी करावी आणि तिचा अर्थ कसा लावावा

नागपुरातील एका बालवाडीत नर्सरीचा वर्ग सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न असा आहे: वर्गात साडेतीन ते चार वर्षांची बावीस मुले आहेत आणि सोबत एक मदतनीस आहे. रोज वीस मिनिटांचा एक उपक्रम ताई स्वतः घेतात. शाळेने दिलेल्या तक्त्यात त्या उपक्रमाबद्दल प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'जमले', 'थोडे जमले' किंवा 'जमले नाही' यांपैकी एका रकान्यात खूण करायची असते. उपक्रम घेता घेता एवढ्या मुलांकडे पाहायचे कसे, लिहायचे काय, आणि लिहिलेल्यावरून मूल काय शिकले हे ठरवायचे कसे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. 'आमच्या मुलाला किती आले' असे विचारणाऱ्या पालकांना काय सांगावे, हेही त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या अडचणीचे मूळ त्या तक्त्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मूल आपल्या मनाने खेळत असते तेव्हा कोणती वस्तू घ्यायची, तिचे काय करायचे आणि कधी थांबायचे हे तेच ठरवते, त्यामुळे आपल्याला जे दिसते ते बहुतांशी त्याचे असते. तुम्ही घेतलेल्या उपक्रमात मात्र साहित्य तुमचे, प्रश्न तुमचा, वेळ तुम्ही ठरवलेली, आणि पुष्कळदा उत्तराकडे नेणारा इशाराही तुमचाच असतो. मुलाने जे केले त्यात त्याचे किती आणि तुमचे किती, हे वेगळे काढल्याशिवाय 'जमले' या खुणेला काही अर्थ राहत नाही. दोन मुलांच्या नावापुढे एकच खूण असते. त्यांतल्या एकाने आपणहून केलेले असते आणि दुसऱ्याचा हात तुम्ही धरलेला असतो.

म्हणून अशा उपक्रमाच्या नोंदीत तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: तुम्ही काय दिले किंवा काय विचारले, मुलाने काय केले किंवा काय म्हटले, आणि त्याला किती मदत लागली. पहिली गोष्ट टाचणात, म्हणजे उपक्रमाच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात, लिहिलेलीच असते. दुसरी बहुतेक ताई लिहितातच. तिसरी जवळपास कोणीच लिहीत नाही, आणि मूल्यमापन सारे तिच्यावर अवलंबून असते.

मदतीसाठी मी चार अक्षरे वापरते. 'स्व' म्हणजे मुलाने स्वतः केले. 'श' म्हणजे शब्दांनी सुचवल्यावर केले. 'दा' म्हणजे करून दाखवल्यावर केले. 'हा' म्हणजे हात धरून करून घ्यावे लागले. यामागे विचार आहे तो असा: रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी असे दाखवून दिले की मूल आज एकट्याने काय करते एवढेच पाहून भागत नाही, जाणत्या माणसाच्या मदतीने ते काय करू शकते हेही पाहावे लागते, कारण उद्या एकट्याने जमणाऱ्या गोष्टी या दोहोंमधल्या पट्ट्यातच असतात. पुढे १९७६ साली वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळे जुळवताना मोठी माणसे कशी मदत करतात याचा बारकाईने अभ्यास केला, आणि मदत कधी वाढवायची व कधी काढून घ्यायची हा शिकवण्यातला कळीचा भाग असल्याचे मांडले. आपल्या चार अक्षरांत तोच चढउतार टिपला जातो. जुलैमध्ये 'दा' असलेले मूल नोव्हेंबरमध्ये 'श' वर आले, तर त्याची प्रगती तुमच्या वहीत उघड दिसते. तक्त्यात मात्र दोन्ही वेळा 'थोडे जमले' एवढेच राहते.

आता एक उपक्रम सविस्तर घेऊ. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागली की नागपुरातल्या बहुतेक बालवाड्यांमध्ये संत्र्याचा उपक्रम होतोच. संत्रे सोलायचे, वास घ्यायचा, फोडी मोजायच्या आणि खायच्या. नागपुरी संत्र्यात साधारण दहा-बारा फोडी असतात आणि चार वर्षांखालच्या मुलाला तेवढ्या मोजणे जड जाते, म्हणून प्रत्येकाच्या बशीत आधी पाचच फोडी द्याव्यात, आणि बिया आधीच काढून ठेवाव्यात, कारण मोजताना अर्धे लक्ष तोंडाकडे असते. टाचणात 'संख्याज्ञान' असा भलामोठा शब्द लिहिण्याऐवजी एकच प्रश्न लिहावा: मोजून झाल्यावर 'किती आहेत?' असे विचारले तर मूल काय करते?

हा प्रश्न मी का निवडते ते सांगते. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एकच अंक लावणे, अंकांचा क्रम दर वेळी तोच ठेवणे, शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे एकूण संख्या असे ओळखणे, कोणत्याही वस्तू मोजता येतात हे कळणे, आणि कुठूनही सुरुवात केली तरी संख्या तीच येते हे कळणे. आपण घरी आणि शाळेत ज्याला 'मोजता येते' म्हणतो ते बहुतेक वेळा यातले दुसरे तत्त्वच असते, म्हणजे एक ते दहा न अडखळता म्हणणे. ते बडबडगीतासारखे पाठ होते. बशीतल्या फोडींशी त्याचा संबंध लागलेला असेलच असे नाही.

समजा, पाच-सहा मुलांच्या गटात चौघांनी पुढीलप्रमाणे केले. एका मुलीने एक ते दहा खणखणीत म्हटले, पण बोट फोडींवरून भराभर फिरवले, त्यामुळे पाच फोडी 'दहा' झाल्या. दुसऱ्याने एकेका फोडीवर बोट ठेवून 'एक, दोन, तीन, चार, पाच' असे नीट मोजले. 'मग किती आहेत?' असे विचारताच त्याने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावरही तेच केले. तिसरी मुलगी मोजताना अडखळली, चारच्या पुढे सहा म्हणाली, पण शेवटी हात आडवा करून 'सहा हायेत' असे सांगून मोकळी झाली. चौथ्या मुलाने तोंडातून शब्दही काढला नाही; मात्र फोडी वाटायला सांगितल्यावर त्याने शेजारच्या प्रत्येक मुलाच्या बशीत एकेक फोड ठेवली, कोणाला दोनदा दिली नाही आणि कोणाला वगळले नाही.

तक्त्यानुसार पहिलीला 'जमले' मिळण्याचा संभव सर्वांत अधिक आहे, कारण तिचा आवाज सर्वांत मोठा होता. प्रत्यक्षात पहिलीला अंकांचा क्रम येतो, पण वस्तूला अंक लावणे अजून यायचे आहे. दुसऱ्याला लावणे येते. शेवटचा अंक म्हणजे एकूण, हे अजून उमगलेले नाही. तिसरीला ते उमगले आहे, फक्त क्रमात 'पाच' गळतो. चौथ्याला एकास एक संगती हाताने येते. त्याच्या अंकांबद्दल आज काहीच कळलेले नाही, आणि काहीच न कळणे म्हणजे 'जमले नाही' नव्हे. चौघांसाठी उद्याचे काम वेगवेगळे आहे. पहिलीला मोजलेली फोड एका बशीतून दुसऱ्या बशीत ठेवत मोजायला द्यावे, म्हणजे बोटाची घाई थांबेल. दुसऱ्यासमोर आपण मोजून 'पाच, म्हणजे एकूण पाच' असे हाताचा वेढा घालून म्हणावे आणि वस्तू दोन-तीनच ठेवाव्यात. तिसरीला पाचाचे बडबडगीत पुरेल. चौथ्याला डबा खाण्याच्या वेळी चमचे वाटायला द्यावेत आणि तो पुटपुटतो का ते ऐकावे.

वहीत हे एवढे लांब लिहायचे नाही. दुसऱ्या मुलाची नोंद अशी होईल: 'संत्रे, ५ फोडी. बोट ठेवून १ ते ५ बरोबर, स्व. किती? विचारल्यावर पुन्हा १ पासून, ३ वेळा.' दोन ओळींत सारे आले: तुम्ही काय दिले, त्याने काय केले, आणि तुम्ही काही सुचवले नव्हते हेही. सहा महिन्यांनी ही नोंद दुसऱ्या कोणी वाचली तरी त्या मुलाचे बोट डोळ्यांसमोर उभे राहील. नोंद चांगली आहे की नाही याची माझी कसोटी एवढीच आहे.

बावीस मुलांचे काय, हा तुमचा खरा अडसर. त्याचे उत्तर असे की बावीस मुलांकडे एका दिवशी पाहायचेच नाही. रोज चार मुले ठरवावीत. सहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. त्या चौघांची नावे सकाळीच टाचणाच्या समासात लिहावीत. बाकीची मुले उपक्रमात असतातच, त्यांच्यापैकी कोणी काही विशेष केले तर तेही टिपावे, पण त्यासाठी धडपडू नये. शक्य असेल तिथे संपूर्ण वर्गाचा उपक्रम मोडून छोटे गट करावेत. सहा मुले तुमच्यासमोर, उरलेली मदतनीस ताईंसोबत मातीकाम, मणी ओवणे किंवा ठोकळे यांत. बावीस मुलांच्या गोलात एकाला प्रश्न विचारला की उत्तर पाच जण देतात आणि ज्याला विचारले ते मूल त्यांचे ऐकून बोलते. त्यातून कोणाचेच काही कळत नाही.

मदतनीस ताईंना या कामात घ्याच. त्यांना 'निरीक्षण करा' असे सांगितले तर त्या संकोचतील. 'आज हा मुलगा कोणाशी काय बोलतो तेवढे मला नंतर सांगा' असे म्हटले तर त्या नेमके सांगतात. तुम्ही उपक्रम चालवत असता तेव्हा तुमची नजर साहित्यावर आणि वेळेवर असते, त्यांची मुलांवर असते. मुलाची नोंद त्यांच्या सांगण्यावरून केली तर तसे कंसात लिहावे.

उपक्रम चालू असताना लिहीत बसू नये. ॲप्रनच्या खिशात हातभर दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि चार कोरे कागद असावेत. त्यावर एखादा शब्द, मुलाचे वाक्य, मदतीचे अक्षर एवढेच टिपावे, आणि मुले गेल्यावर त्याच दिवशी वहीत उतरवावे. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवले की आठवण गुळगुळीत होते आणि सगळ्यांनी सारखेच केल्यासारखे वाटू लागते. ताईंचे लक्ष कागदाकडे गेले की मुलांचा प्रश्न अर्धवट राहतो, आणि ज्या शिकण्याची नोंद करायची तेच थांबते. ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये शून्य ते पाच वर्षे वयोगटासाठीची जी राष्ट्रीय चौकट सप्टेंबर २०२१ पासून सुधारून लागू झाली, तिच्यात मूल्यमापनासाठी मुलांपासून दीर्घकाळ दूर राहावे लागू नये आणि कागदपत्रे वाजवीपेक्षा अधिक नसावीत असे स्पष्ट म्हटले आहे. तिकडेही ताईंच्या संध्याकाळी फायली भरण्यात जात होत्या, असाच याचा अर्थ.

मुलाचे बोलणे लिहिताना ते जसे बोलले तसे लिहावे. 'माह्या फोडी संपल्या, मले अजून पायजे' असे मूल म्हणाले असेल तर वहीत 'मला आणखी फोडी हव्यात असे तिने सांगितले' अशी दुरुस्ती करू नये, आणि 'मेरेको और होना' म्हणणाऱ्याचे मराठीही करू नये. ते वाक्य पूर्ण आहे, त्यात मागणी आहे, 'अजून' ही तुलना आहे. भाषेच्या विकासाचा पुरावा तोच आहे. आपल्या शहरात एकाच वर्गात प्रमाण मराठी, वऱ्हाडी आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुले बसतात. एखाद्या मुलाने 'किती?' ला उत्तर दिले नाही तर त्याला 'कितना?' असे विचारून पाहावे आणि दोन्ही नोंदवावे. अन्यथा आपण संख्येची पारख करतो आहोत असे समजून भाषेची करत राहतो.

नोंदीत विशेषणे येऊ लागली की थांबावे. 'हुशार आहे', 'चंचल आहे', 'लाजाळू आहे', 'रस घेत नाही' ही वाक्ये मुलाबद्दल वाटली तरी ती आपल्या मताबद्दल असतात. 'रस घेत नाही' याऐवजी 'तीन मिनिटांनी उठला, हात फ्रॉकला पुसणाऱ्या मैत्रिणीकडे पाहिले, आपले हात पुढे करून धुवायला मागितले' असे लिहिले की कळते, त्याला संत्र्याचा चिकट रस नकोसा झाला होता. मोजण्याशी त्याचे भांडण नव्हते. एप्रिलमधल्या साडेअकराच्या उन्हात कोणत्याही मुलाचे लक्ष टिकत नाही, हेही वेळ लिहिली असेल तरच पुढे ध्यानात येते. म्हणून प्रत्येक नोंदीवर तारखेबरोबर वेळ असावी.

मूल किती रमले होते हे टिपायचे असेल तर त्यालाही दिसणाऱ्या खुणा आहेत. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातले फेरे लाव्हर्स यांनी मुलाच्या तन्मयतेसाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. तिच्यात एकाग्रता, चिकाटी, चेहऱ्यावरचे भाव, हालचालींतला नेमकेपणा अशा गोष्टी पाहिल्या जातात. रोज ती मोजपट्टी भरण्याचे कारण नाही. पण ताईंनी सांगितलेले निमूट करणारे मूल आणि रमलेले मूल यांत फरक असतो, आणि आज्ञाधारकपणाला आपण फार सहज शिकणे समजतो, एवढे तिच्यामुळे लक्षात राहते.

आता हस्तकामाबद्दल, कारण नोंदीच्या नावाखाली सर्वांत अधिक फसवणूक तिथे होते. तान्ह्या पोळ्याच्या आधी मुलांकडून कागदी बैल सजवून घेतले जातात आणि सूचनाफलकावर बावीस बैल लागतात, सगळ्यांची शिंगे एकाच मापाची, झुलीवरची टिकली एकाच जागी. पालक खूश होतात. त्या बावीस बैलांवरून एकाही मुलाबद्दल काही सांगता येत नाही, कारण कापले मदतनीस ताईंनी, डिंक लावला तुम्ही, आणि मुलांनी दाखवलेल्या जागी बोट दाबले. तोच उपक्रम वेगळ्या रीतीने घेता येतो: बैलाचा आकार तयार द्यावा, पण झुलीसाठी कागद, चिंध्या, लोकर, टिकल्या यांतून निवड मुलाने करावी आणि कुठे काय चिकटवायचे हेही त्यानेच ठरवावे. मग काही बैल विचित्र होतील. एखाद्याची सगळी सजावट पोटावर एकाच ठिकाणी गोळा होईल. त्याच्या पाठीमागे तारीख, मदतीचे अक्षर आणि मूल काम करताना जे म्हणाले ते वाक्य लिहावे. 'याले ठंडी वाजते म्हणून इथं लावलं' असे एक वाक्य मागे असेल तर पोटावरच्या ढिगाऱ्यात कारण देणे, भाषा आणि कल्पना हे सगळे वाचता येते. तसा कागद मुलाच्या फाइलमध्ये ठेवण्याजोगा असतो. एकसारखा बैल घरी पाठवून द्यावा. छापील वर्कशीटवर गिरवलेल्या अक्षरांनाही हेच लागू आहे.

नोंदी साठल्या की मूल्यमापन सुरू होते, आणि एका नोंदीवरून ते कधीच करू नये. माझा नियम असा आहे की कोणतीही गोष्ट मुलाला 'येते' असे लिहिण्याआधी ती वेगवेगळ्या दिवशी तीनदा दिसली पाहिजे, आणि त्यांपैकी निदान एकदा कोणी न विचारता दिसली पाहिजे. हा न विचारता दिसण्याचा भाग महत्त्वाचा आहे. संत्र्याच्या उपक्रमात 'किती?' ला पुन्हा पुन्हा मोजणारा मुलगा पंधरवड्याने भातुकली खेळताना 'चार जण हाय, चार कप दे' असे म्हणाला तर त्याला एकूण संख्या कळू लागली, असे ठामपणे म्हणता येते. तुमच्यासमोर बसून दिलेल्या कोणत्याही उत्तरापेक्षा हा पुरावा पक्का आहे. म्हणून उपक्रमाची वही आणि मुक्त खेळाची वही वेगळी ठेवू नये. एका मुलाला एक पान, आणि त्यावर दोन्ही.

तुलना मुलाची त्याच्याशीच करावी, हे सगळेच सांगतात, पण त्यामागचे साधे गणित क्वचितच सांगितले जाते. एकाच नर्सरीत तीन वर्षे चार महिन्यांचे आणि चार वर्षे दोन महिन्यांचे अशी दोन्ही मुले बसतात. दहा महिन्यांचा हा फरक लहान्याच्या आयुष्याचा पाव भाग आहे. त्यांना एका फूटपट्टीने मापणे अन्यायाचे आहेच, शिवाय त्यातून काही उपयोगी माहितीही मिळत नाही. प्रत्येक पानावर मुलाची जन्मतारीख असावी आणि नोंदीपुढे त्या दिवशीचे वय वर्षे-महिन्यांत लिहावे.

आपल्या भागातली संत्री वर्षातून दोनदा येतात याचा एक फायदा करून घेता येतो. अंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास मिळतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरमध्ये घेतलेला उपक्रम फेब्रुवारीत तसाच्या तसा घ्यावा: त्याच पाच फोडी, तोच प्रश्न, तोच गट. साहित्य आणि प्रश्न बदलला नाही तर मुलात जे बदलले तेवढेच दिसते. आपण दर आठवड्याला नवा विषय, नवी सजावट, नवे साहित्य यांच्या मागे लागतो, आणि मग वर्षाच्या शेवटी कशाचीच कशाशी तुलना करता येत नाही.

याच नोंदी तुमच्या उपक्रमाचेही मूल्यमापन करतात. एका उपक्रमाच्या साऱ्या मुलांची मदतीची अक्षरे एका कागदावर उभी लिहून पाहा. बहुतेकांपुढे 'दा' आणि 'हा' असेल तर उपक्रम त्यांच्या वयाला जड होता किंवा सूचना लांब होत्या. बहुतेकांपुढे पहिल्या दोन मिनिटांत 'स्व' असेल तर त्यात शिकण्यासारखे काही उरलेले नव्हते. आडवे वाचले की मूल कळते, उभे वाचले की उपक्रम कळतो. मुलांना 'जमले नाही' लिहिण्याआधी हा उभा रकाना वाचावा.

पर्यवेक्षकांशी बोलताना तुम्हाला आधार हवा असेल तर तो आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, आणि २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या वयासाठी मूल्यमापनाचे दोन मार्ग सांगितले: मुलांचे निरीक्षण, आणि शिकताना त्यांच्या हातून तयार झालेल्या कामाचे वाचन. परीक्षा या वयाला योग्य नाही, असेही तो सांगतो. खरे तर मराठी बालशिक्षणाला हे नवे नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला तेव्हापासून, आणि पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली त्या काळातही, आधी मुलाकडे पाहायचे आणि मग काय शिकवायचे ते ठरवायचे हाच क्रम होता. तक्ते नंतर आले. शाळेला तक्ता हवाच असेल तर तीन रकान्यांच्या जागी मदतीच्या चार अक्षरांचा तक्ता देऊ करा. भरायला वेळ तितकाच लागतो, आणि पर्यवेक्षकांनाही त्यातून अधिक कळते.

काही नोंदी वेगळ्या काळजीने वाचाव्या लागतात. नावाने हाक मारल्यावर मूल वारंवार वळून पाहत नसेल, साडेतीन वर्षांनंतरही दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, आधी येत असलेले शब्द किंवा कृती हरवत असतील, तर तारखांसह त्या नोंदी एकत्र कराव्यात आणि पालकांशी एकांतात बोलावे. निदान करणे आपले काम नाही. कोणत्याही आजाराचे किंवा अवस्थेचे नाव तोंडातून काढू नये. 'या या दिवशी असे दिसले, एकदा कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा' एवढेच सांगावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत; खर्चाची अडचण असलेल्या पालकांना हे माहीत असावे. डॉक्टरांनाही 'मूल मागे आहे' यापेक्षा तुमच्या चार तारखा अधिक कामाच्या असतात.

पालकसभेत 'किती आले?' या प्रश्नाला टक्के, श्रेणी किंवा चांदण्या यांनी उत्तर देऊ नये. प्रत्येक मुलाबद्दल तीन वाक्ये तयार ठेवावीत: तो आता आपणहून काय करतो, कोणत्या गोष्टीत थोडी मदत लागते, आणि घरी काय करता येईल. 'तुमची मुलगी वस्तू एकेक करून बरोबर मोजते. मोजून झाल्यावर एकूण किती हे सांगताना अजून अडखळते. रात्री जेवायला बसताना ताटे तिला मांडू द्या आणि किती मांडली ते विचारा.' असे ऐकल्यावर पालक श्रेणी मागत नाहीत. मागितलीच तर शाळेचे धोरण म्हणून नम्रपणे नकार द्यावा. शेजारच्या मुलाशी तुलना करणारा प्रश्न आला तर त्याच्या पानावरचे काहीही सांगू नये, चांगलेसुद्धा.

फोटोंचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगते. उपक्रम चालू असताना फोटो काढून लगेच व्हॉट्सॲपच्या पालक-गटावर टाकण्याची पद्धत सर्वत्र पसरली आहे. पहिली अडचण अशी की फोन हातात आला की मुले कॅमेऱ्याकडे पाहतात आणि ताई चांगला कोन शोधतात. त्या पाच मिनिटांत शिकणे बाजूला राहते. दुसरी अडचण कायद्याची आहे: वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. वर्षाच्या सुरुवातीला लेखी संमती घ्यावी, फोटो ताईंच्या खाजगी फोनवर साठवू नयेत, आणि इतर मुलांचे चेहरे असलेला फोटो गटावर टाकू नये. मुलाच्या हातांचा आणि कामाचा फोटो पुष्कळदा चेहऱ्यापेक्षा अधिक सांगतो, आणि तो त्याच्याच फाइलमध्ये राहतो.

मार्च-एप्रिलमध्ये केजीच्या ताईंकडे मूल सोपवताना संपूर्ण वही देऊ नका, ती कोणी वाचत नाही. प्रत्येक मुलासाठी एक पान तयार करा: वय, घरी बोलली जाणारी भाषा, आपणहून करत असलेल्या पाच-सहा गोष्टी, 'श' किंवा 'दा' वर असलेल्या दोन-तीन गोष्टी, आणि त्याला कशात रमायला आवडते. सोबत त्याच्या हातची दोन कामे जोडा, एक जुलैमधले आणि एक फेब्रुवारीतले. नागपुरात नवे सत्र जूनच्या शेवटी सुरू होते. मधल्या दोन महिन्यांत मूल पुष्कळ बदलते, म्हणून त्या पानावर तारीख ठळक लिहावी आणि केजीच्या ताईंनी पहिल्या पंधरवड्यात त्यातल्या दोन गोष्टी स्वतः पुन्हा पाहून घ्याव्यात.